वाकून जाणारी माणसं

ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मेघनाचा कॅमेरा सुरू असला, की मागून तिच्या सासूबाई हमखास वाकून जातात. कीर्तनातून मधूनच उठलेली बाई वाकून बाहेर पडते ना, अगदी तशा. आम्ही सगळे काही दिसलंच नाही असं दाखवतो. मला मात्र कुतूहल वाटतं. त्यांना असं जायला कुणी सांगितलं असेल? आपल्याच घरात एवढा संकोच कुणाचा?

परवा असाच विचार करताना माझी नजर स्क्रीनवरच्या माझ्याच चौकटीकडे गेली. माझ्यामागून बाबा चालले होते, हातात चहाचा कप घेऊन, दुखरी कंबर वाकवून. मी घाईनं कॅमेरा आणि माइक बंद केला.

"बाबा, सरळ चाला ना!"

ते तसेच वाकलेले, कुजबुजले, "हळू बोल, साहेब ऐकतील."