लाइट घेतला तिने

इंग्रजी मालिकेतली ती म्हातारी मागे खिडकीपाशी बसली होती. सगळा प्रसंग तिच्या नातवंडांचा. तिला वाक्य एकच, तेही चहाबद्दल. पण ते बोलण्याआधी ती किंचित पुढे सरकली आणि खिडकीतला उजेड नेमका तिच्या गालावर आला.

"बघ, लाइट घेतला तिने," शेजारी बसलेली माझी मावशी म्हणाली.

मी चमकले. मावशी तरुणपणी नाटकांत कामं करायची. हल्ली तिला माझं नावही आठवत नाही.

मालिकेतल्या या नटीचे जुने सिनेमे मी पाहिलेत. त्यांत ती अजून विशीतच आहे, तशीच मान वळवून हसते. पण तिचं खरं आयुष्य म्हणे लंडनच्या रंगभूमीवर गेलं, आणि त्यातलं आज काहीच बघायला मिळत नाही. पडदा पडल्यावर ते सगळं जातं कुठे? बघणारेही एकेक करून गेले असतील. तिच्यापाशी उरली ती उजेडाकडे सरकायची सवय.

मालिका संपली. मी उठून टीव्ही बंद केला आणि वळले. गॅलरीतून उतरतं ऊन आत आलं होतं. मावशीने खुर्ची जराशी पुढे ओढली, चेहरा उन्हात आणला आणि हनुवटी उचलली. मी अगदी समोर उभी होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून ती पार मागे, शेवटच्या रांगेकडे बघत होती.

मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.