चार म्हणजे चार

गल्लीत तिला सगळे बॉबिनताई म्हणत. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान मुळात नवऱ्याचं. त्याचे हात थरथरायला लागले, बारीक स्क्रू धरता येईना, तेव्हा ती शेजारी बसून शिकली. तो सांगायचा, ती पाना फिरवायची. वर्षभरात हात असा बसला की नुसत्या आवाजावरून ती मशीनचं दुखणं ओळखे.

हातात कसब होतं, पण कामाला क्रम नव्हता. नाही म्हणणं तिला जमत नसे. येईल त्याला "उद्या या" सांगायची आणि दुसऱ्या दिवशी जो जास्त आरडाओरडा करी, त्याचं मशीन आधी उघडायची. एकदा तर दुकानात चौदा मशीनं, त्यातली सहा अर्धवट उघडलेली, आणि कुठला स्क्रू कुणाचा याचा पत्ता नाही.

त्याच दिवशी सकाळी कपडे शिवणारी एक बाई आली. नऊ दिवसांतली पाचवी खेप.

"ताई, माझं मशीन आहे तसं परत द्या."

"का हो? आज करतेच की."

"तुमच्याकडे ओरडणाऱ्याचं आधी होतं. मला ओरडता येत नाही."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. बाई मशीन घेऊन गेली.

दुपारी ताईला घास जाईना. "माझ्याच्यानं नाही होत हे. बंद करूया दुकान."

नवरा म्हणाला, "बंद कर खुशाल, पण उद्या. आज त्या बाईचं मशीन करून ये. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस."

पिशवीत हत्यारं टाकून ती बाईच्या घरचे तीन जिने चढली. बाईच्या टेबलावर शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. सोमवारी शाळा उघडणार, आणि बाई हातानेच शिवत बसली होती. सुईचा दोरा खालून पकडणाऱ्या हुकाचं टायमिंग तेवढं चुकलं होतं. चाळीस मिनिटांत सरळ, घट्ट टीप पडली. बाई हसली. कितीतरी दिवसांनी ताईला आपल्या कामाची चव लागली.

परतल्यावर तिने उरलेल्या तेराही जणांना फोन केला. "मशीन आणखी चार दिवस बंद राहिलं, तर तुमचं काय अडेल?" पाच जणांचा रोजगार थांबला होता. सगळ्यात जास्त ओरडणारे काका म्हणाले, "अडायचंय काय? माळ्यावरच तर ठेवणार आहे!" ती फोन ठेवून खो खो हसली. पाच मशीनांवर खडूने आकडे घातले, आणि एक मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असं ठरवलं.

मग कपड्यांच्या कारखान्याचा सुपरवायझर चार मशीनं घेऊन आला. जुनं, मोठं गिऱ्हाईक.

"आमचं आधी. उद्या हवीत."

"गुरुवारी."

"मग दुसरीकडे नेतो."

तिचा आवाज हलला नाही. "न्या. इथे ठेवलीत तर गुरुवारी दुपारी चारला मिळतील. चार म्हणजे चार."

तो धुसफुसत दोन घेऊन गेला, दोन ठेवून गेला. गुरुवारी चारला ती दोन तेल घालून, पुसून तयार होती. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि दोन्ही मशीनं उचलली.

पुढच्या महिन्यात कारखान्याचा ड्रायव्हर एकदम आठ मशीनं उतरवायला लागला. "साहेबांनी विचारलंय, कधी मिळतील?"

ताईने खडूने घातलेल्या आकड्यांवरून नजर फिरवली. "पुढच्या बुधवारी," ती म्हणाली, आणि हातातल्या मशीनचा स्क्रू पिळायला लागली.