दोन कानांची मॅच

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याला नुसतं फोनवर ओळखणाऱ्यांना तो वकील नाहीतर प्रोफेसर वाटतो. प्रत्यक्षात हा माणूस दिवसभर शाफ्टमध्ये केबिनच्या टपावर उभा राहून दोर तपासतो, ब्रेक घट्ट करतो आणि संध्याकाळी घरी येऊन "हं" आणि "बरं" एवढ्या दोन शब्दांवर संसार चालवतो. वहिनी म्हणते, "यांना बोलतं करायचं तर घरात एखादी बंद पडलेली लिफ्ट आणून ठेवावी लागेल." खरंच आहे ते. लिफ्टशी तो बोलतो. "अगं, आता काय झालं तुला?" असं एका दरवाजाला विचारताना मी त्याला माझ्या कानांनी ऐकलंय.

जेवणाच्या सुट्टीत मात्र तो गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जातो, उलट्या बादलीवर बसतो आणि फोन काढतो. खाली शाफ्टमध्ये रेंज नसते, वर भरपूर असते. तिथं त्याला वाचा फुटते. ग्रीसनं माखलेला अंगठा काचेवर असा काही चालतो की घरातल्या महिनाभराच्या "हं"चं उट्टं तो अर्ध्या तासात काढतो. त्या ग्रुपचं नाव 'गोलमागचे'. आमच्या गावच्या फुटबॉल टीमच्या मॅचला गोलपोस्टच्या मागच्या स्वस्तातल्या जागांवर बसणारे हे लोक. ग्रुप दादानं काढला, नियम त्यानं केले आणि कोणी नियम मोडला तर बाहेर काढायचा अधिकारही त्याचाच.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण दादाची एक गोष्ट मला नेहमी आवडायची. एखाद्या फाऊलवरून ग्रुपमध्ये जुंपली की तो त्या प्रसंगाचा फोटो घ्यायचा, त्यातले रंग काढून टाकायचा, शर्टावरचे नंबर पुसायचा आणि विचारायचा, "आता सांगा, फाऊल आहे की नाही?" निळा कोण, लाल कोण, काही कळायचं नाही. लोक निमूटपणे खरं सांगायचे. मग दादा मूळ फोटो टाकायचा आणि पाच मिनिटांपूर्वी "धडधडीत फाऊल!" म्हणणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. निदान मला तरी ती दिसायची. याला ते 'राखाडी मत' म्हणायचे. माझे यजमान म्हणायचे, "तुझा भाऊ लिफ्टमध्ये वाया गेला, न्यायाधीश व्हायला हवा होता."

माझ्या यजमानांचं औषधांचं दुकान आहे. तेही गोलमागचेच. खरं तर आमचं लग्नच त्या जागांवर ठरलं, म्हणजे दादानं आणि यांनी एकमेकांना पसंत केलं आणि मग मला विचारलं.

त्या दोघांच्या मध्ये बाबा बसायचे. बाबांनी आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. मॅच मात्र त्यांनी सोडली नाही. दादा उजव्या बाजूला बसून आपली टीम काय करतेय ते सांगायचा, हे डाव्या बाजूला बसून समोरची टीम काय करतेय ते सांगायचे. कोणी ठरवून दिलं नव्हतं, आपोआप तशी वाटणी पडली. दादाच्या तोंडून समोरच्यांचं कौतुक निघणं शक्यच नव्हतं, मग ते काम यांच्याकडे आलं. बाबा मान इकडून तिकडे वळवत, दोन्ही कानांनी मॅच बघायचे. संध्याकाळी घरी येऊन आम्हाला सगळा खेळ पुन्हा सांगायचे, आणि तो इतका बरोबर असायचा की शेजारचे विचारायचे, "खरंच दिसत नाही का हो यांना?"

यंदा निवडणूक आली आणि सगळं नासलं.

ग्रुपमध्ये राजकारण बंद, असा दादाचा पहिलाच नियम होता. पण एका पक्षानं जाहीर केलं की जुनं मैदान पाडून गावाबाहेर मोठं स्टेडियम बांधू, आणि दुसऱ्यानं जाहीर केलं की मैदानाच्या विटेलाही हात लावू देणार नाही. आता हे राजकारण म्हणायचं की फुटबॉल? दादा जुन्या मैदानाचा, आमचे हे नव्या स्टेडियमचे. आधी जागेवरून वाद झाला, मग पार्किंगवरून, मग नळाचं पाणी, कर, रस्ते, आणि बघता बघता गाडी 'माणूस मुळात कसा असतो' इथवर जाऊन पोहोचली. दादाचं म्हणणं, माणूस लहानपणी टीम निवडतो तसा पक्ष निवडतो आणि कारणं मागाहून गोळा करतो. यांचं म्हणणं, पुरावा नीट समोर ठेवला तर माणूस मत बदलतो. दोघंही हे जगातल्या इतर सगळ्या माणसांबद्दल बोलत होते. स्वतःचा विषय कोणाच्या डोक्यातच नव्हता.

हे दुकानात गिऱ्हाईक नसलं की लिहायचे, तो मशीन रूममधून लिहायचा. दिवसाला शेकड्यांनी मेसेज पडायला लागले. एका दुपारी दादानं यांना ग्रुपमधून काढून टाकलं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, अंगठ्याच्या एका फटक्यात! मी चिडून फोन केला तर म्हणाला, "नियम तो नियम." यांना विचारलं काय झालं, तर म्हणाले, "जाऊ दे." पुढच्या शनिवारी हे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

त्या दिवशी मॅचहून आल्यावर बाबांनी आम्हाला खेळ सांगितलाच नाही. चहा घेताना एवढंच म्हणाले, "आज समोरची टीम आली नव्हती का रे?" दादा म्हणाला, "आली होती की." बाबा म्हणाले, "मग आपल्यावर दोन गोल केले कोणी?"

पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या शनिवारी बाबा मॅच संपायच्या आधीच घरी चला म्हणाले. ते वाळत चालले होते, आणि मला या दोन घोड्यांना एका दावणीला कसं बांधावं ते सुचत नव्हतं. शेवटी मी यांच्यासमोर ठाण मांडून बसले. म्हटलं, आज कळल्याशिवाय जेवायला वाढणार नाही. तेव्हा यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. काढून टाकण्याआधीचे मेसेज त्यात तसेच होते. दादानं लिहिलं होतं:

"ज्यांना समोरचं धडधडीत दिसत नाही त्यांनी मत द्यायला जाऊ नये आणि मॅचलाही येऊ नये. आंधळ्यांनी उगाच जागा अडवू नये."

"मला म्हणाला त्याचं काही नाही," हे म्हणाले. "पण बाबांच्या शेजारी बसणारा माणूस हे लिहितो? मी एवढंच लिहिलं की भाषा सांभाळा. त्यावर मला काढलं. आणि हे बाबांना कळू नये म्हणून मी गप्प बसलो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दादाशी भांडून उपयोग नसतो, तो "हं" म्हणतो. मग मला त्याचीच युक्ती आठवली. ग्रुपमध्ये एक मास्तर आहेत, शाळेतून निवृत्त झालेले, कोणाच्याच अध्यात ना मध्यात. त्यांना मी त्या भांडणातली चार वाक्यं दिली, दोन दादाची, दोन यांची, नावं काढून. मास्तरांनी रविवारी सकाळी ती ग्रुपवर टाकली: "राखाडी मत. यातलं कोणतं वाक्य लिहिणाऱ्याला ग्रुपबाहेर काढावं?"

मी मुद्दाम दादाकडेच जाऊन बसले होते. वहिनी कपड्यांना इस्त्री करत होती, बाबा खिडकीशी खुर्चीत. वहिनीही नावापुरती त्या ग्रुपमध्ये होती, तिचाच फोन मी हातात घेतला. मला वाटलं, आता लोक निमूटपणे खरं सांगतील. कसलं काय! फाऊलच्या फोटोला पटापट मत देणारे हेच लोक, एकजणही मत देईना. प्रत्येकाचा एकच धोशा, "आधी सांगा, कोणाचं आहे?" मास्तर सांगेनात. मग अंदाज सुरू झाले. कोणीतरी छातीठोकपणे म्हणालं, तिसरं वाक्य, ते आंधळ्यांचं, औषधवाल्याचं. झालं! जुन्या मैदानवाल्यांची मतं धडाधड तिसऱ्यावर पडली, आणि नव्या स्टेडियमवाले त्याच वाक्याची वकिली करायला लागले.

दादा खुशीत आला. त्यानंही तिसऱ्यावर मत दिलं. इतकंच नाही, वर लिहिलं, "असं लिहिणाऱ्याला पुन्हा कधीच आत घेऊ नये." आणि मग, जन्मात कधी स्वतःहून न बोलणारा हा माणूस बाबांकडे वळून म्हणाला, "ऐका बाबा, तुमचे जावई काय लिहितात ते," आणि ते वाक्य त्यानं मोठ्यानं वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत.

हे माझ्या बेतात नव्हतं. वहिनीनं इस्त्री उभी करून ठेवली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते, तसेच बसून राहिले.

"जावई असं म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"नाहीतर कोण म्हणणार?"

"दादा," मी म्हटलं, "ते तुझं आहे."

"काहीतरीच काय!"

"वर जाऊन बघ. यांना काढलंस त्या दुपारचं."

तो अंगठ्यानं मागे मागे जात राहिला. बराच वेळ लागला, मेसेज थोडे का होते. मग अंगठा थांबला. मी पाळण्यात असल्यापासून दादा मला ओळखतो, मीही त्याला ओळखते, पण त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मशीन रूममध्ये लिहिलेलं तो तिथंच टाकून खाली यायचा. आज ते पहिल्यांदा घरात, त्याच्याच आवाजात वाचलं गेलं होतं.

"बाबा, तुम्हाला नव्हतं म्हणायचं ते," तो म्हणाला.

"मला माहीत आहे रे."

"मग शनिवारी—"

"शनिवारी मी येत नाही." बाबा रागावले नव्हते, बस सुटायची वेळ सांगावी तसं म्हणाले. "मला कोणीतरी सांगेल तेवढंच दिसतं. तू महिनाभर अर्धीच मॅच सांगतोयस. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. जागा तरी अडणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकून दादा उठून आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळानं वहिनीच्या फोनवर आलं: "तिसरं वाक्य माझं आहे. बहुमत झालं." आणि खाली एक ओळ, की ग्रुप काढणारा ग्रुप सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कामाच्या कपड्यांतच दुकानात आला. मी मागे खोकी लावत होते. काउंटरवर डोकेदुखीची गोळी घेणाऱ्या बाई होत्या, त्या जाईपर्यंत तो रांगेत उभा राहिला. मग म्हणाला, "दाजी, चुकलं माझं. तुमच्याशीही चुकलं, पण बाबांशी जास्त. बाबा मॅचला नाही म्हणतायत. तुम्ही शेजारी बसलात तर येतील."

"येतो," हे म्हणाले. मग न राहवून, "पण तुमचा पक्ष ढोंगी आहे, हे मी मागे घेणार नाही."

"नका घेऊ. तुमचा चोर आहे."

"पुरावा?"

"अहो, गिऱ्हाईक आलंय!" मी मागून ओरडले.

शनिवारी मीही गेले. बाबांना न्यायला दोघं बरोबर त्यांच्या खुर्चीशी आले, तेव्हा ते आधी नाहीच म्हणाले. मग दोघांचे आवाज दोन बाजूंनी आले की नाही याची खात्री करून घेऊन उठले. गोलमागे आमच्याकडे बघून कुजबुज चालली होती. दादा कोणाकडे बघत नव्हता, सांगत होता. हे सांगत होते. बाबांची मान फिरत होती.

शेवटची काही मिनिटं उरली होती, एक-एक अशी बरोबरी. समोरचा एक पोरगा चेंडू घेऊन थेट आमच्या गोलपाशी, आमच्या डोळ्यांसमोर आला आणि आडवा पडला. शिट्टी वाजली नाही. आमच्या आजूबाजूचे सगळे उभे राहून ओरडायला लागले, "नाटक! नाटक!"

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, पाय अडकून पडला," हे म्हणाले. पुराव्यावर जगणारा माझा नवरा, समोर एवढं ढळढळीत घडलेलं असताना! एका गोलासाठी माणूस काय होतो बघा.

बाबांनी मान उजवीकडे वळवली.

दादानं एकदा मैदानाकडे पाहिलं. मग नेहमीसारखं कानात नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाला, "आपल्या पोरानं पाय घातला, बाबा. फाऊल होता. पेनल्टी द्यायला हवी होती."

पुढच्या रांगेतली चार-पाच डोकी मागे वळली. कोणीतरी म्हणालं, "हा बघा, आता समोरच्यांना जाऊन मिळाला." दादा हलला नाही.

बाबा थोडे त्याच्याकडे सरकले. मग त्यांनी चाचपडत दादाचा हात शोधला.

"माझे डोळे गेल्यापासून," ते म्हणाले, "आपल्या पोरांनी केलेला फाऊल तू मला आज पहिल्यांदा सांगितलास."

दादा सांगायचं विसरून त्यांचा हात धरून बसला. मग बाबांनीच त्याला कोपरानं ढोसलं, कारण खेळ पुढे सुरू झाला होता आणि चेंडू आपल्या टीमकडे होता.