उतरलेले सेल

कुठलीही वस्तू घेताना ते आधी बोटाच्या पेराने ती ठोकत आणि कान लावत. नेरडीगोंड्याकडचा भाजीवाला माणूस, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबुजं लावायचा. टरबूज ठोकून पाहायची सवय हाताला लागलेली, मग समोर टेपरेकॉर्डर का असेना. इचोड्याला रस्त्याला लागून माझं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे ते पहिल्यांदा आले ते मांडलेल्या टेपांवर टकटक करतच. "आवाज दाखवा आधी," म्हणाले. आवाज ऐकवतात, दाखवत नाहीत, असं मी त्यांना म्हटलं. पुढे कित्येक वर्षं ते दाखवाच म्हणत राहिले.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. टेप घ्यायला येणारा प्रत्येक माणूस गाण्यांसाठी यायचा, म्हणून मी त्यांच्यापुढे दोन भोंग्यांचा मोठा टेप ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला.

"गाणे नाई आयकाचे, मिस्त्री. बोलणं भराचं हाय. सोपं पाह्यजे, उचलून वावरात नेता आलं पाह्यजे, अन् स्वस्तात पडलं पाह्यजे."

"कोणाचं बोलणं?"

त्यांनी दुकानाबाहेर पाहिलं. पायरीवर एक बाई पदराने तोंड झाकून बसली होती. "हिच्या गळ्यात गाठ हाय. सोमवारी नागपूरले आपरेशन. डाक्टर म्हणे, जीव राहीन, आवाज नाई राहाचा."

तो शुक्रवार होता. बाजाराच्या दिवशी मी कोणाशी नीट बोलत नसे, पण त्या दिवशी मी सगळी गिऱ्हाइकं थांबवली. एक चपटा, जुना, एका भोंग्याचा टेप काढून दिला. आतल्या माइकमध्ये मोटरीची घरघर भरते, म्हणून वेगळा वायरीचा माइक जोडून दिला. कॅसेट साठ मिनिटांचीच घ्या, नव्वदची पट्टी पातळ असते, गुंडाळते, हेही सांगितलं. नवे सेल मात्र त्यांनी घेतले नाहीत. "घरी रेडिओचे हायत," म्हणाले. मीही ताणून धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धापा टाकत परत आले.

"बोलतच नाई ना ती. टेपवरचा भराचा लाल दिवा लागला का गप. दिवा बंद केला का बोलते. काय करू, मिस्त्री? दोन दिवस हायत."

मला हसू आलं. म्हटलं, "दिवा दिसला नाही म्हणजे झालं. त्यांचीच एक टिकली लावा त्याच्यावर."

किती हुशार वाटलो मी तेव्हा स्वतःला.

आपरेशन झालं. महिन्याभराने ते टेप छातीशी धरून आले. ठोकणं नाही, आवाज दाखवा नाही. काउंटरवर टेप ठेवून बटण दाबलं. सुरुवातीला एका मोठ्या बाईचा, जरा खरखरीत आवाज आला. भेंडीचं बी कोणत्या मडक्यात आहे, गाय कोणत्या कुशीला हात लावू देत नाही, असलंच सगळं. मग आवाज हळूहळू चढत गेला, बारीक होत गेला. शेवटी एखादी सहा वर्षांची पोरगी घाईघाईने काहीतरी किलबिलली आणि टेप थांबला.

"ते शेवटलं," ते म्हणाले, "मी पाणी आणाले विहिरीवर गेलतो तवाचं हाय. माहं नाव घेतलं तिनं. तीस वर्सांत घेतलं नाई. आता घेणार कशी? अन् हे ती नोय, मिस्त्री. हे कोनी दुसरीच हाय."

मी विचारलं, कोणते सेल होते? रेडिओतले उतरलेले सेल त्यांनी आपण सगळे करतो तेच करून, पत्र्यावर उन्हात तापवून घातले होते. तासभर चालतात तसे सेल, मग मोटर मंदावत जाते. ऐकायला मात्र आता नवे घातले होते, आणि मंद मोटरीवर भरलेला आवाज नव्या सेलवर भरधाव पळतो. सेल बसायला लागले की लाल दिवाही मिणमिणतो, ते पाहून त्यांनी काम थांबवलं असतं. पण दिव्यावर टिकली होती.

हे त्यांना सांगताना मला मान वर करवेना. त्या मोटरीला वेग बदलायचा पेचही नव्हता. ते खाली बसले आणि मोठ्याने रडले. बाजार भरलेला होता, लोक पाहत होते.

उपाय एकच होता. शेवटचा तुकडा पुन्हा तशाच मरायला टेकलेल्या सेलवर लावायचा. माझ्या दुकानात टाकून दिलेल्या सेलचा डबा होता. त्यातले मी एक एक घालून पाहिले. कशावर आवाज पुरुषी व्हायचा, कशावर टेप हलायचाच नाही. चार सेल जमले तेव्हा दुपार टळली होती. त्यांनी भोंगा कानाला लावला. एका थकलेल्या बाईने एक नाव घेतलं.

"ओ," ते म्हणाले.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते यायचे. लोक नवे सेल मागत, हे डब्यातले. घरी नेऊन उन्हात ठेवायचे आणि दोघं मिळून ऐकायची. "ती हासते," ते सांगत, "तोंडावर पदर घेऊन. आवाज नाई येत, पन मले समजते." चार जमलेले सेल एकदाच पुरत. दोन वर्षांनी ती गेली, तरी त्यांचं येणं चुकलं नाही. फक्त आता माझ्याच दुकानात ऐकायचे आणि प्रत्येक वेळी, हळूच, ओ द्यायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. घेणारी एकच होती.

मग एका पावसाळ्यात तीन शुक्रवार ते आले नाहीत. चौथ्या शुक्रवारी त्यांच्या गावचा एक माणूस पिशवीतून टेप घेऊन आला. म्हणाला, "मामा गेले. तुमच्याकडं देजा म्हणत होते." दिव्यावर टिकली तशीच होती, कडेला मळलेली.

तो गेल्यावर मी डबा उपडा केला आणि सेल लावत बसलो. चौथ्या खेपेला जमले. तिने नाव घेतलं. मी थांबलो, त्यांच्या ओसाठी नेहमी थांबायचो तसा. मग मीच ओ दिली.