जस्ताची पिशवी
वडगावच्या खताच्या दुकानात शिरलं की तो उग्र वास नाकात बसतो आणि मला लग्नानंतरचं दुसरं भातपीक आठवतं. लावणी होऊन तीनेक आठवडे झाले होते आणि पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके पडले होते. माती तपासणीचा कागद मी सासऱ्यांना बांधावरच वाचून दाखवला. “आबा, आता डीएपी बास. त्या खतातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीत आधीच जास्त झालंय, त्यामुळे रोपांना जस्त घेता येत नाही. नुसतं जस्त देऊ.” “व्हय व्हय,” आबा म्हणाले. मी स्वतः जाऊन जस्ताची, म्हणजे झिंक सल्फेटची पिशवी आणली. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत खाचरात पोचले, तर आबा डीएपी आणि झिंक एकत्र कालवून फेकत होते. घमेलं जवळजवळ रिकामं झालं होतं. “तुजं बी ऐकलं, माजं बी ठेवलं,” ते हसून म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले, की मला चिडताही येईना. डीएपीनं ते जस्त मातीतच अडकवून ठेवलं आणि भात शेवटपर्यंत खुरटंच राहिलं. अजूनही कुणी जस्ताबद्दल विचारलं, की आबा ठासून सांगतात, “आमच्या सूनबाईनं टाकून बघितलं, काय बी फरक न्हाई.” आणि मी शेजारीच उभी असते.