भिकाजी मेस्त्रीची दुसरी हातोडी

भिकाजी मेस्त्रीने कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका ट्रक ड्रायव्हरचे दोन दात पाडले. कारण काय, तर ड्रायव्हरने त्याच्या रंध्यावर चहाचा ग्लास ठेवला. शारजाच्या रोल्ला भागात, मागच्या गल्लीत आमचं कार्गो ऑफिस होतं आणि त्याला लागून पत्र्याच्या छपराची वखार. मी तिथे कस्टमचे कागद टाइप करायची. खिडकीतून सगळं दिसायचं, बंद काचेतून ऐकूही यायचं. मी शेठना जाऊन सांगितलं की हा माणूस आज ना उद्या कुणाचा तरी जीव घेणार. शेठ म्हणाले, "मनोरमा, पेट्या चांगल्या करतो तो."

पेट्या चांगल्याच करायचा, ते नाकारत नाही. राजापूरकडचा सुतार. लाकडाला हात लावला की माणूस गोगलगाय, आणि माणसाशी गाठ पडली की पोटातले पाय बाहेर यायचे. लेबर कॅम्पात पाण्याच्या रांगेवरून त्याने एकाचं कपाळ नळावर आपटलं. एकदा हिशेबनिसाची कॉलर धरून त्याला भिंतीवर नेऊन टेकवलं. मारामारीचं कौतुक करणाऱ्यांतली मी नाही. माझा नवरा अरुण म्हणायचा, तू त्याच्याकडे बघूच नकोस, काम कर. पण खिडकी माझ्या टेबलासमोरच होती, काय करणार?

ज्याचे दात पडले तो मुनीर, पेशावरचा. पुढे तोच भिकाजीचा जिवलग झाला. पुरुषांचं हे गणित मला आजवर उलगडलेलं नाही. मुनीरनेच मला दुसऱ्या हातोडीची गोष्ट सांगितली.

वखारीच्या भिंतीवर भिकाजीची हत्यारं ओळीने टांगलेली असायची: करवती, पटाशा, रंधा, हातोडी. शेवटच्या खिळ्यावर आणखी एक हातोडी होती, फडक्यात गुंडाळलेली. तिने कधी एक खिळाही मारलेला नव्हता. ती उल्हाससाठी होती.

हा उल्हास चिपळूणकडचा, एका कंत्राटदाराचा मुकादम. आपल्या बाजूचा माणूस म्हणून गावोगावची पोरं त्याच्या भरवशावर यायची. भिकाजीचा धाकटा भाऊ सोमनाथही तसाच आला. आई वारल्याची तार आली तेव्हा सोमनाथने पासपोर्ट मागितला. उल्हास नाही म्हणाला. सोमनाथने पुन्हा मागितला, तेव्हा उल्हासने त्याला अख्ख्या खोलीसमोर परांचीच्या लोखंडी नळीने मारलं. पोटात, बरगड्यांवर, खाली पडल्यावर पाठीत. खोलीतला कुणी उठला नाही, कारण सगळ्यांचे पासपोर्ट उल्हासच्याच कपाटात होते. दुसऱ्या दिवशी सोमनाथ पोट धरून कामावर गेला आणि संध्याकाळी मेला. पलंगावरून पडला, असं सगळ्यांनी सांगितलं. तसंच कागदावर आलं; खरं काय ते खोलीतल्या एकाने भिकाजीला मागून चोरून कळवलं.

भिकाजीने गावी आलेल्या भावाच्या प्रेताला अग्नी दिला, राजापूरच्या बाजारातून एक हातोडी घेतली आणि व्हिसा मिळवून इथे आला. घरी बायको गरोदर होती. तो पोचला तोवर उल्हास अबूधाबीकडच्या साइटवर गेला होता. भिकाजी वाट बघत राहिला. मुलगी झाली, तिचं नाव स्वप्नाली ठेवलं, ती चालायला लागली, बोलायला लागली. हा रजेवर गेला नाही, कारण आपण गेलो आणि उल्हास आला तर? मुलीने बापाला फक्त फोटोत पाहिलं होतं.

मला हे कळलं तेव्हा मी खूप चिडले. उल्हासवर चिडले, त्या खोलीतल्या गप्प बसलेल्यांवर चिडले आणि सगळ्यात जास्त भिकाजीवर. एकाला मारून हा फासावर जाणार, आणि ती पोर? मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही टायपिंग करा."

एकोणीसशे शहाण्णवच्या सरत्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडे गावी पावसाळा, इथे नुसती भट्टी, एमलिन साहेब ऑफिसात आले. काठी टेकत आलेले गोरे म्हातारे. मी त्यांना इंग्लंडचे समजले, तर त्यांनी पहिल्या झटक्यात सुनावलं की वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे. तरुणपणी ते शारजाच्या हवाई दलाच्या छावणीत होते. छावणीचं छोटं रेडिओ केंद्र होतं, तिथे संध्याकाळी कार्यक्रम वाचायचे. पुढे नोकरी बदलली, पण वाळवंट सुटलं नाही. आता आजारी होते, घरी परत चालले होते. त्यांच्याजवळचे कागद वेल्समधल्या एका अभिलेखागाराने जपायला मागितले होते: रेडिओसाठी टाइप केलेल्या संहिता, एक हस्तलिखित आणि त्यांच्या वडिलांची पत्रं. त्यासाठी पेटी हवी होती. वाळवी लागणार नाही, ओल शिरणार नाही अशी.

कागद दुसऱ्या कुणाच्या हाती सोडायला ते तयार नव्हते. रोज वखारीत येऊन फळीवर बसायचे आणि भिकाजीचं काम बघायचे. छावणीतल्या खानसाम्यांकडून शिकलेली मोडकी हिंदी त्यांना येत होती. कधीकधी एखादी संहिता काढून रेडिओच्या आवाजात वाचायचे. भिकाजीला इंग्रजी कळत नव्हतं, तरी रंधा थांबवून ऐकायचा. एका दुपारी त्याने विचारलं की ही जुनी पिवळी पत्रं कुणाची. एमलिन साहेबांनी सांगितलं ते मी माझ्या टेबलावरून ऐकलं.

त्यांचे वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला होते. खाणीचा मुकादम पोरांना बुटांनी तुडवायचा. एक पोरगं त्या मारातून उठलंच नाही, तेव्हा वडिलांनी मुकादमाच्या डोक्यात हातोडी घातली. तो जागीच मेला. वडील तुरुंगात गेले, तेव्हा एमलिन साहेब पाळण्यात होते. ही पत्रं तुरुंगातून आलेली. छावणीच्या रेडिओवर त्यांनी एकदा त्यातलं थोडं वाचलंही होतं.

भिकाजीने रंधा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "फिर बाप कब छूटा?"

"चिठ्ठी आया," म्हातारे म्हणाले. "बाप नहीं आया. उधर ही मर गया."

"बराबर मारा न लेकिन?"

"बराबर मारा," एमलिन साहेब म्हणाले. "लेकिन मैं उसका मुँह नहीं देखा."

भिकाजीने रंधा उचलला आणि कामाला लागला. त्या दिवशी त्याने कुणाशी भांडण काढलं नाही. बस, एवढंच. चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने कॅम्पात एकाच्या थोबाडीत दिलीच.

पेटी तयार झाली, कागद आत बसले, फक्त झाकण ठोकायचं राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी सुताराची हत्यारं पूजेत असतात, दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भिकाजीने पाटावर कापड घातलं, सगळी हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. भिंतीवरची दुसरी हातोडीही फडक्यातून काढून पाटावर ठेवली. ट्रक मात्र त्याच दिवशी बंदरावर जायचा होता. मी म्हटलं, दोन खिळे मारा आणि मोकळे व्हा. शेठनी डोळे वटारले. भिकाजी ढिम्म. म्हणाला, जहाज उद्याही लागलेलंच असेल, मी चौकशी केली आहे. मुनीर म्हणाला, मी मारतो खिळे. त्याला भिकाजीने अशा नजरेने पाहिलं की त्याची जीभ उरलेल्या दातांवरून फिरली.

म्हणून पेटी उघडी होती. एमलिन साहेब फळीवर बसले होते. आणि शेठनी माल चढवायला ज्या नव्या कंत्राटदाराची माणसं बोलावली होती, ती दारातून आत आली. त्यांच्या पुढे उल्हास होता.

मी तोवर माझ्या टेबलाशी परतले होते; त्याला ओळखत नव्हते. मुनीरने "या अल्ला" म्हटलं, त्यावरून कळलं.

"यल्ला, चला, गाडी उभी आहे," उल्हास म्हणाला. मग पाट बघून हसला. "हे काय मांडून ठेवलंय? झाकण का नाही ठोकलं?" भिकाजी सरळ उभा राहिला. उल्हासने त्याचा चेहरा नीट निरखला. दोघा भावांचं नाक एकसारखं होतं म्हणे. "सोमनाथचा कोण तू? भाऊ? तोसुद्धा असाच. काम सोडून देवधर्म."

त्याने पाटाला लाथ मारली. हत्यारं खणखणत पसरली. दुसरी लाथ पेटीला बसली, पेटी कलंडली आणि ती पिवळी पत्रं वखारभर उडाली. एकावर उल्हासचा बूट पडला.

भिकाजीचा पहिला ठोसा उल्हासच्या नाकावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला काचेतून ऐकू आला. दोघे खाली पडले. भिकाजी त्याच्या छातीवर बसून मारत होता, तोंडावर, गळ्यावर, पुन्हा तोंडावर. उल्हासच्या माणसांना काय करावं ते सुचत नव्हतं. मग भिकाजीचा उजवा हात बाजूला गेला आणि ती दुसरी हातोडी हाताला लागली. तिच्यावर कुंकू होतं. उल्हासने डोळे मिटून घेतले.

भिकाजीने हातोडी उचलली नाही. तळहात तिच्यावर ठेवून तो तसाच बसून राहिला. मी त्याचा चेहरा पाहिला. तो उल्हासकडे बघत नव्हता, फळीवर बसलेल्या एमलिन साहेबांकडे बघत होता. तेवढ्यात उल्हासच्या एका माणसाने बाजूने येऊन त्याच्या तोंडावर फळी मारली. फळीतून खिळा बाहेर आलेला होता, तो डाव्या डोळ्यात गेला. भिकाजी आडवा पडला. मग सुटला तो उल्हास. लोखंडी पहार घेऊन त्याने भिकाजीच्या पाठीवर, डाव्या हातावर घाव घातले. भिकाजी पत्रांवर पालथा पडला होता आणि हलत नव्हता. मुनीर जॅकचा दांडा घेऊन धावला, त्याने एकाचं मनगट मोडलं. मी काय केलं? मी खिडकी उघडली आणि कागदांना भोकं पाडायचं जड यंत्र उल्हासच्या डोक्यात फेकून मारलं. नेम बरोबर बसला. आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पोलीस आले. या वेळी "पलंगावरून पडला" म्हणायला कुणी नव्हतं. मी जबाब दिला, एमलिन साहेबांनी दिला, मुनीरनेही. उल्हासला वर्षाची कैद झाली आणि मग त्याला देशाबाहेर काढलं. ही शिक्षा भिकाजीच्या डोळ्याची. सोमनाथची नाहीच झाली. ते मला अजून पचत नाही.

त्या संध्याकाळी मी आणि मुनीरने पत्रं गोळा केली. एक रक्ताने भिजलं होतं. मी रुमालाने टिपायला लागले, तर एमलिन साहेबांनी माझा हात धरला. "रहने दो," म्हणाले. त्यांनी ते स्वतः सुकवलं आणि स्वतःच्या हाताने जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुनीर हॉस्पिटलातून भिकाजीचा निरोप घेऊन आला. झाकण ठोकायचं, पण दुसऱ्या हातोडीने. मुनीरने विखुरलेली हत्यारं धुऊन पाटावर ठेवली, मी हळदकुंकू वाहिलं, आणि राजापूरहून माणूस मारायला आणलेल्या त्या हातोडीने पेशावरच्या माणसाने वेल्सच्या पेटीचे खिळे मारले. दोन वाकडे गेले.

भिकाजीचा डावा डोळा गेला, डाव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली. शेठनी ठेवून घेतला, कारण पेट्या चांगल्याच करायचा. राग गेला म्हणाल तर नाही. माणसाचा पीळ असा जात नाही. पण पुन्हा कुणावर हात टाकलेला मी पाहिला नाही, फक्त शिव्या.

दोन हजार चारमध्ये माझी मुलगी मिहिका शिकायला वेल्समध्ये गेली. इथे शारजातच, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. मी तिच्या मागे लागले की त्या अभिलेखागारात जा, एमलिन साहेबांचे कागद बघ. म्हातारे तोवर वारले होते. महिनाभर टाळून ती अखेर गेली, आणि फोनवर म्हणाली, "मम्मा, इट्स ऑल देअर. रेडिओ स्क्रिप्ट्स, लेटर्स, एव्हरीथिंग." प्रत्येक पत्राखाली त्याच्या स्थितीची नोंद असते म्हणे. मी त्या एका पत्राचं विचारलं. तिने वाचून दाखवलं: उजव्या कोपऱ्यात तपकिरी डाग, बहुधा चहाचा.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्यांना सांग, आत्ता सांग, तो चहा नाही. माणसाचा डोळा गेलाय त्यावर. फोन ठेवून मी तशीच रोल्लाला गेले आणि वखारीत भिकाजीला सगळं सांगितलं. तो एका हाताने खिळे निवडत होता. हसला.

"राहू दे वहिनी, चहाचाच," तो म्हणाला. "रक्त म्हटलं तर विचारतील, कोण मेलं. कुणी मेलं नाही ना?"

मी म्हटलं, पण डोळा?

तेव्हा त्याने मला सांगितलं, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. डोळा गेल्यावर पहिल्यांदा घरी गेला तेव्हा एसटी स्टँडवर स्वप्नाली त्याला बघून किंचाळली आणि आईच्या मागे लपली. जेवायला समोर बसेना. शेवटी एका संध्याकाळी आपणहून जवळ आली, मिटलेल्या पापणीवर बोट ठेवलं आणि विचारलं, दुखतं का? मग त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, नाक, गाल, मिशी, सगळं.

"पोरीने तोंड बघितलं माझं," भिकाजी म्हणाला, आणि खिळा ठोकायला ती दुसरी हातोडी मागितली. मी ती त्याच्या हातात दिली.