कास्मुरीचं 'अहो'

कास्मुरी वाटेतल्या कुत्र्यालासुद्धा म्हणायचा, "अहो, जरा मागं सरकता का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. नंतर कारण कळलं, तेव्हा तोंडातला घास तोंडात राहिला.

तरुणपणी तो आमच्या पेकालोंगान शहराच्या खाटीकबाजारात म्हशी कापायचा. एकदा बायकोचा थोरला भाऊ मांसाच्या वजनावरून बोलला आणि ह्यानं त्याला चारचौघांत म्हटलं, "अरे, चल निघ!" थोरल्या मेव्हण्याला अरे! आमच्याकडं ह्यापेक्षा तोंडात वहाण मारलेली परवडली. मेव्हण्यानं कानाखाली वाजवली. ह्याच्या हातात सुरी होतीच. मेव्हणा म्हशीच्या रक्तात पडला, आणि त्याचं रक्त कुठलं नि म्हशीचं कुठलं, कुणाला कळेना.

अकरा वर्षांनी तुरुंगातून सुटून आला तर बायको, सुप्रियातीन, दारात उभी. म्हणाली, "आत या. पण ह्या तोंडातून पुन्हा कुणालाही अरे निघालं, तर मला विहिरीत शोधा." तेव्हापासून माणूस असो, मांजर असो, सगळ्यांना अहो.

त्याला नोकरी लागली मैल्याच्या फाटकावर. घराघरांतल्या संडासाच्या टाक्या उपसून टँकर येतात आणि तिथल्या हौदात रिकामे होतात. समोर माझी भाताची टपरी. नाक मुरडू नका, ह्या वासातच माझा कोवळ्या फणसाचा मेगोनो भात दुपारपर्यंत संपतो.

पूर्वी हे टँकर सरळ नदीत मोकळे व्हायचे. मग नगरपालिकेनं जागा दिली, टँकरवाल्यांच्या सोसायटीनं गाड्या दिल्या, आणि सुराबायाच्या एका कंपनीनं भागीदारीत काय आणलं, तर अळ्या! पाणी निथळलं की गाळ अळ्यांपुढं टाकायचा. त्या खाऊन खाऊन टुम्म होतात, त्या विकायच्या माशांना खायला, आणि खालचा चोथा रोपवाटिकांना खत म्हणून. चाळीस टँकरवाल्यांच्या चुली त्या अळ्यांवर पेटायच्या. करारात एकच मेख होती. कारखान्याचं विषारी पाणी मिसळून तीनदा अळ्या मेल्या, की कंपनी चालती होणार. दोनदा मेल्या होत्या.

म्हणून कास्मुरी फाटकावर वाडगा घेऊन बसायचा. वाडग्यात मूठभर अळ्या, वरून टँकरमधला चमचाभर मैला. अळ्या आत घुसल्या तर फाटक उघड. कडेवर चढून पळू लागल्या तर म्हणायचा, "अहो, ह्यांना पसंत नाही. गाडी वळवा."

दुलादी नावाच्या टँकरवाल्याची गाडी त्यानं एका आठवड्यात दोनदा वळवली. दुलादी पैसे घेऊन मुलाम्याच्या कारखान्याचं तेजाब, म्हणजे ॲसिड, गुपचूप मैल्यात मिसळून आणायचा. मुडदा बसवला त्याचा, असं मी तेव्हा रोज म्हणायचे. आता जीभ रेटत नाही.

शुक्रवारची दुपार होती. सगळे मशिदीत गेलेले. कास्मुरी फाटक सोडून गेला नव्हता. दुलादी आला तो हातात पाइपाचं लोखंडी तोंड घेऊनच.

"उघड, म्हाताऱ्या!"

"अहो, आधी वाडगा बघू."

पहिला घाव वाडग्यावर बसला, दुसरा वाडगा धरलेल्या बोटांवर. बोटं मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडं आला. तिसऱ्या घावाला पुढचे दात गेले. मी झारा घेऊन धावले, तर दुलादीनं मला असं ढकललं की कोपराचं सालपट निघालं. कास्मुरी रक्त थुंकत म्हणाला, "अहो, मला मारा. बाईमाणसाला नको." मला त्याचाच संताप आला. ओरडले, "अहो काय म्हणता त्याला! तुमच्या जिभेत जोर नाही, पण मनगटात तरी आहे ना?"

दुलादीनं टँकर घालून फाटक पाडलं, पाइप हौदात सोडला आणि झडप उघडली. हौदातून गाळ थेट अळ्यांच्या वाफ्यांकडं जातो. कास्मुरी सरपटत गेला आणि छातीनं रेटून वाफ्यांकडची दारं बंद केली. तेवढ्यात सडक्या अंड्यांचा भपकारा आला. जुन्या मैल्यात तेजाब पडलं की असा वायू उठतो. मग वास एकदम गेला. इथं काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, वास येतोय तोवर पळायला वेळ आहे. वास गेला म्हणजे नाक मेलं, आणि पाठोपाठ माणूस.

दुलादी हौदाच्या कडेला उभा होता. कास्मुरीनं तोंड उघडलं. अदबीचं वाक्य लांब असतं हो, आणि त्याच्या तोंडात दात नव्हते, श्वास नव्हता. तो ओरडला, "अरे, हट मागं! हट!"

खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, फुटली एकदाची वाचा.

दोन पावलं मागं मोकळी हवा होती. पण दुलादी मागं न सरता तिथंच कास्मुरीकडं वळला. "मला अरे? खुन्या, तू मला अरे म्हणतोस?" मारायला पुढं झुकला, आणि वायूनं शुद्ध हरपून हौदात कोसळला.

कास्मुरीनं श्वास कोंडून बांबूचा आकडा टाकला. आकडा दुलादीच्या खांद्यात रुतला. मोडक्या बोटांनी तो ओढत होता, मीही श्वास रोखून कास्मुरीच्या कमरेला धरून ओढत होते. बाहेर काढला तेव्हा दुलादी निळा पडला होता.

अळ्या वाचल्या, करार टिकला. मशिदीतून लोक आले, पण मैल्यानं माखलेल्या मढ्याला हात लावायला कुणी पुढं होईना. कास्मुरीच पाण्याची नळी घेऊन त्याचं तोंड धुवायला बसला. सुप्रियातीन धावत आली.

"काय म्हणाले हे त्याला?" तिनं मला विचारलं.

"अहो म्हणाले," मी बेधडक ठोकून दिलं.

कास्मुरीनं मान वर केली. "अरे म्हणालो. त्यानं ते ऐकलं, आणि हट ऐकलंच नाही."

सुप्रियातीन विहिरीकडं गेली नाही. नवऱ्याच्या हातातली नळी घेतली, त्याच्याशेजारी चिखलात बसली आणि म्हणाली, "मग आता नीट सांगा त्यांना."

कास्मुरी प्रेताच्या कानाशी वाकला. फुटक्या ओठांनी, शब्द सावकाश जुळवत म्हणाला, "अहो, जरा मागं सरकता का?" थांबला, उत्तराची वाट बघितली, आणि पुन्हा म्हणाला, "अहो, जरा मागं सरकता का?"